रंध्याला इंजिन जोडणारा माणूस

बारावीला बायॉलॉजी घेतलेल्यांना बेंथम आणि हूकर ही जोडी आठवत असेल. वनस्पतींचं वर्गीकरण, परीक्षेच्या आदल्या रात्रीचं पाठांतर. त्यातला बेंथम म्हणजे जॉर्ज बेंथम. यूपीएससीची पुस्तकं उशाशी घेऊन झोपणारी जी मंडळी आपल्या हॉस्टेलमध्ये आहेत, त्यांना दुसरा बेंथम ठाऊक असतो: उपयुक्ततावादवाला जेरेमी. पण या दोघांच्या मधे अजून एक बेंथम उभा आहे. जेरेमीचा धाकटा भाऊ आणि जॉर्जचे वडील, सर सॅम्युएल बेंथम. मशीन टूल्सच्या इतिहासात त्याचं नाव मोठं आहे आणि आपल्या सिलॅबसमध्ये मात्र तो औषधालाही नाही. मेकॅनिकलवाल्यांचा बेंथम खरं म्हणजे हाच.

मी त्याच्यापर्यंत कशी पोचले ते सांगते. मागच्या टर्मला आमच्या कार्पेंटरी शॉपसाठी थिकनेस प्लेनर घ्यायचं ठरलं आणि आलेल्या कोटेशन्सचा तुलनात्मक तक्ता करायचं काम सरांनी आम्हा तिघांच्या गळ्यात मारलं. फर्स्ट इयरला हाफ लॅप जॉइंटसाठी रंधा मारून मारून ज्यांच्या हाताला फोड आलेत, त्यांना या मशीनची किंमत वेगळी सांगायला नको. फळी एका बाजूने आत सारायची, रोलर ती ओढून घेतात, वर फिरणारी पाती तिला सोलतात आणि दुसऱ्या बाजूने सगळीकडे सारख्या जाडीची फळी बाहेर येते. हे पहिल्यांदा सुचलं कोणाला, म्हणून शोधायला गेले तर हा गृहस्थ सापडला, आणि तक्ता बाजूलाच राहिला.

सॅम्युएलचा जन्म ११ जानेवारी १७५७चा, लंडनमधला. वडील वकील. तो दोन वर्षांचा असताना आई गेली. भावंडांपैकी जगले दोघेच, सॅम्युएल आणि त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठा जेरेमी. जेरेमीला वडिलांनी ऑक्सफर्डला आणि मग वकिलीला घातलं. सॅम्युएल मात्र चौदाव्या वर्षी वुलिच इथल्या सरकारी गोदीत जहाज बांधणाऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली उमेदवारी करायला लागला. त्या काळी चांगल्या घरातला मुलगा सात वर्षं करवत आणि वाकस चालवतो हे जरा विचित्रच होतं. पण त्याने ती सात वर्षं पूर्ण केली. पुढे त्याने जे काही केलं त्याचं मूळ इथे आहे असं मला वाटतं. लाकूड कसं फाटतं, कसं पिळतं, पातं कुठे अडकतं हे त्याला पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

शिकून झालं, पण मनासारखी नोकरी मिळेना. (हे वाचून फायनल इयरवाल्यांना बरं वाटेल.) म्हणून १७८० मध्ये तो रशियाला गेला. तिथे त्याने सैबेरिया पालथा घातला, थेट चीनच्या सरहद्दीपर्यंत. कॅथरीन राणीचा अत्यंत बलाढ्य सरदार पोटेमकिन याने त्याला नोकरीत घेतलं आणि क्रिचेव्ह इथल्या आपल्या जहागिरीवर नेमलं. हे गाव आता बेलारूसमध्ये येतं. तिथले कारखाने चालवायचे आणि जहाजं बांधायची, असं ते काम. अडचण एकच होती. काम येणारी माणसं मूठभर आणि न येणारी ढीगभर. शिकाऊ माणसांवर एकट्याने लक्ष कसं ठेवायचं? सॅम्युएलने एक गोल इमारत कल्पिली: मधोमध देखरेख करणारा बसणार, भोवती कामाच्या जागा. १७८६ मध्ये जेरेमी त्याला भेटायला गेला, ही कल्पना त्याने उचलली आणि तिचा तुरुंग केला. पॅनॉप्टिकॉन या नावाने ती पुढे जगभर गाजली, ती जेरेमीच्या नावावर. अंदमानच्या सेल्युलर जेलचं चित्र आपण शाळेत पाहिलंय. मधे मनोरा आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात इमारती. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेला तो तुरुंग हुबेहूब पॅनॉप्टिकॉन नव्हे, तिथल्या कोठड्या गोलात नाहीत. पण मधल्या मनोऱ्यावरून सगळीकडे नजर ठेवायची हे सूत्र त्याच घराण्यातलं. सावरकर १९११ मध्ये ज्या कोठडीत गेले, तिच्यामागची कल्पना एका कारखान्याच्या सुपरवायझरच्या डोकेदुखीतून निघाली होती, हे वाचून मी जरा वेळ पुस्तक मिटून बसले.

रशियात तो लढलासुद्धा. १७८८ मध्ये नीपर नदीच्या मुखाशी तुर्कांविरुद्ध झालेल्या लढाईत त्याने लहानसहान होड्यांवर जड तोफा बसवल्या आणि त्या चालवून दाखवल्या. त्याबद्दल सेंट जॉर्जचा किताब मिळाला, त्यावरून तो पुढे सर म्हणवला गेला.

१७९१ मध्ये तो इंग्लंडला परतला. इथून आपल्या प्लेनरची गोष्ट सुरू होते. त्याच वर्षी त्याने लाकूड रंधण्याच्या मशीनचं पेटंट घेतलं. ते मशीन म्हणजे तुमच्या-माझ्या हातातल्या रंध्याचाच मोठा भाऊ होता. पुढे-मागे जाणारा, पण फळीच्या पूर्ण रुंदीइतका, आणि हाताऐवजी यंत्रशक्तीने ढकलला जाणारा. त्यातली गंमत बाजूच्या पट्ट्यांमध्ये आहे. रंध्याच्या दोन्ही कडांना त्याने खाली उतरणाऱ्या पट्ट्या लावल्या. फळीची जाडी जेवढी हवी, तेवढ्याच त्या पात्याच्या पातळीखाली येत. रंधा सोलत सोलत खाली आला की शेवटी पट्ट्या टेबलावर टेकत, आणि पातं आपोआप कापायचं थांबे. म्हणजे जाडी कारागिराच्या नजरेत राहिली नाही, ती मशीनच्या अंगात आली. थिकनेस प्लेनरमधला थिकनेस हा शब्द इथे जन्मला असं मी म्हणेन. आज आपण हँडल फिरवून टेबल वर-खाली करतो आणि स्केलवर १८ मिलिमीटर लावतो. त्यामागे ही टेकणारी पट्टी आहे.

१७९३ चं त्याचं दुसरं पेटंट तर अचाटच होतं. फिरणारी पाती, मोल्डिंग, खाचा पाडणं, तुकड्यातुकड्यांचं मोठं वर्तुळाकार करवत, असं जवळजवळ सगळं लाकूडकाम त्यात आलं होतं. शिवाय त्याने कामाची वाटणी धंद्यावरून केली नाही. सुताराचं मशीन, गाडी करणाऱ्याचं मशीन असं न करता कापणं, रंधणं, भोक पाडणं अशी क्रियेवरून केली. आपल्या वर्कशॉप टेक्नॉलॉजीच्या पुस्तकातली धडेरचना बघा, ती याच पद्धतीची आहे.

ही मशीनं बनली जेरेमीच्या वेस्टमिन्स्टरच्या घरात. आणि ती चालवायची होती कोणी? कैद्यांनी. जेरेमीच्या तुरुंगातल्या कैद्यांना सुतारकी येत नसणार, म्हणून कौशल्य मशीनमध्ये घालायचं आणि माणसाने फक्त शक्ती पुरवायची, असा हिशोब होता. तुरुंग काही उभा राहिला नाही. वर्षानुवर्षं जागेचे घोळ झाले आणि शेवटी १८१३ मध्ये सरकारने जेरेमीला २३,००० पौंड भरपाई देऊन विषय संपवला.

इथे मला आमच्या शॉपमधल्या मामांबद्दल लिहायलाच हवं. मामा पंचवीस वर्षं पोरांना रंधा शिकवतायत. प्लेनर येणार म्हटल्यावर ते काही बोलले नाहीत, पण तक्ता करताना आमच्या बाजूला येऊन उभे राहिले आणि कॅटलॉगमध्ये नसलेले प्रश्न विचारायला लागले. वाकलेली फळी थिकनेस प्लेनरमध्ये घातली तर सरळ होईल का? आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. उत्तर आहे, नाही. रोलर तिला दाबून सपाट करतात, पाती सोलतात, आणि बाहेर आल्यावर ती पुन्हा कमान होते, फक्त सारख्या जाडीची कमान. आधी एक बाजू जॉइंटरवर किंवा हाताने सपाट करावीच लागते. म्हणजे तक्त्यात एक नाही, दोन मशीनं हवीत, नाहीतर मामा आणि त्यांचा रंधा तरी हवा.

बाकीचं आम्ही गणिताने सोडवलं. तीन पाती, ५,००० आरपीएम, म्हणजे मिनिटाला १५,००० काप. फळी मिनिटाला ६ मीटर सरकत असेल तर दर ०.४ मिलिमीटरला एक काप पडतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत वाटतो. फीड १२ मीटर केला तर काम निम्म्या वेळात होतं, पण लाटा बोटाला लागतात. म्हणून दोन स्पीड असलेलं मशीन बरं. ४०० मिलिमीटर रुंद फळीवरून ३ मिलिमीटर काढायचे, तर मिनिटाला सात लिटरच्या वर घट्ट लाकूड सुटतं, आणि सुटल्यावर ते फुगून कितीतरी पट जागा खातं. धूळ ओढणारा पंखा कोटेशनमध्ये ऑप्शनल म्हणून छापलेला असतो, आम्ही तो कंपल्सरी केला. लाकडाची धूळ कॅन्सरला कारण होते हे आता सिद्ध आहे, आणि मामांचा खोकला आम्ही रोज ऐकतो. सागवानात सिलिका असते, ती पात्याची धार खाते. त्यामुळे कार्बाइडचे छोटे छोटे तुकडे बसवलेला हेड महाग असला तरी आमचं मत त्याला गेलं. एक तुकडा बोथट झाला की फक्त तो फिरवायचा.

तर सॅम्युएल. १७९६ मध्ये त्याला नौदलाच्या बांधकामांचा इन्स्पेक्टर जनरल नेमलं. त्याच वर्षी मेरी सोफिया फॉर्डाइसशी लग्न झालं. गोदीत त्याने काय काय आणलं त्याची यादी लांब आहे: पोर्ट्समथला १७९९ मध्ये वाफेचं इंजिन, गाळ काढणारं वाफेचं यंत्र, सुक्या गोदीला तरंगतं दार. जहाजाच्या पोटात पाणी न शिरणाऱ्या आडव्या भिंती घालायची पद्धतही त्याने वापरली, आणि ती चिन्यांची आहे हे त्याने लपवलं नाही.

मग आल्या कप्प्या. एका मोठ्या युद्धनौकेला नऊशे-हजार कप्प्या लागत, नौदलाला वर्षाला लाखभर. सॅम्युएलची स्वतःची मशीनं तयार होत होती. तेवढ्यात मार्क ब्रुनेल आपली डिझाइन्स घेऊन आला (पूलवाल्या इझामबार्ड ब्रुनेलचे हे वडील). सॅम्युएलने ती बघितली, आपल्यापेक्षा चांगली आहेत हे ओळखलं आणि त्यांचीच शिफारस केली. मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त आदर इथे वाटला. स्वतःचं प्रोजेक्ट गुंडाळून दुसऱ्याच्या प्रोजेक्टला पूर्ण मार्क कोण देतं? मशीनं हेन्री मॉडस्लेने घडवली. दहा माणसं एकशे दहा कारागिरांचं काम करू लागली आणि १८०८ मध्ये १,३०,००० कप्प्या निघाल्या. उरलेल्या शंभर माणसांचं काय झालं, हा प्रश्न आमच्या तक्त्यात बसत नाही. पण मामांच्या शेजारी बसून वाचताना तो डोक्यात येतोच.

गोदीतल्या लोकांना सॅम्युएल नकोसाच होता. कामगारांना उरलेल्या ढलप्या घरी न्यायचा जुना हक्क होता, आणि चांगलं लाकूडही ढलपीच्या नावाखाली जाई. १८०१ मध्ये तो हक्क बंद होऊन त्याजागी पैसे सुरू झाले. वरच्यांना त्याचा हिशोबीपणा खुपायचा, खालच्यांना त्याची मशीनं. १८०५ मध्ये त्याला जहाजं बांधायच्या कामासाठी रशियाला पाठवलं. तो १८०७ मध्ये परत येईपर्यंत इकडे त्याचं पद नेव्ही बोर्डात विरघळवून टाकलं होतं. नवं पद दिलं, तेही १८१२ मध्ये रद्द केलं. ट्रान्सफर करून खुर्ची काढून घेणं ही युक्ती आपल्याकडचीच आहे असं मला वाटत होतं. पुढे १८१४ मध्ये तो कुटुंबासह फ्रान्सला गेला आणि बरीच वर्षं तिथेच राहिला. मुलगा जॉर्ज झाडांच्या नादी लागला तोही याच काळात.

लाकूड रंधण्याचं मशीन पुढे दुसऱ्यांच्या हाती गेलं. १८०२ मध्ये ब्रामाने मोठ्या फिरत्या चकतीचं प्लेनर केलं. अमेरिकेत विल्यम वुडवर्थने १८२८ मध्ये फिरती पाती आणि ओढणारे रोलर एकत्र आणले, तेच आजच्या प्लेनरचं रूप. त्या पेटंटच्या मुदती वाढत गेल्या आणि १८५६ पर्यंत कोर्टकज्जे चालले. त्यानंतरही कितीतरी वर्षं पात्यांचा हेड चौकोनी असायचा, त्याच्या फटीत बोटं जायची. गोल हेड विसाव्या शतकात रुळला.

सॅम्युएल बेंथम ३१ मे १८३१ रोजी लंडनमध्ये वारला. वर्षभराने जेरेमीही गेला. सॅम्युएलचं चरित्र बायकोने लिहिलं. ती १८५८ मध्ये वारली आणि पुस्तक १८६२ मध्ये छापून आलं. त्याच वर्षी मुलाच्या आणि हूकरच्या त्या वनस्पतींच्या ग्रंथाचा पहिला भाग बाहेर पडला, जो आपल्याला बारावीला आला होता.