जॉन बार्डीन

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन नावाचे शहर आहे. तेथे २३ मे १९०८ रोजी जॉन बार्डीन यांचा जन्म झाला. गणितात त्यांची गती एवढी विलक्षण होती, की तिसऱ्या इयत्तेतून त्यांना एकदम सातवीत बसविण्यात आले. पण बारा वर्षे पुरी होण्याच्या सुमारास ते आईला मुकले. मुळातच ते अबोल होते. पुढे प्राध्यापक झाल्यावरही त्यांचे व्याख्यान ऐकण्यासाठी विद्यार्थ्यांना कान टवकारून बसावे लागे.

विद्युत् अभियांत्रिकीचे शिक्षण संपवून आणि प्रिन्स्टन येथे डॉक्टरेट मिळवून १९४५ साली ते बेल प्रयोगशाळेत आले. दूरध्वनीवरचा आवाज दूर जाता जाता क्षीण होतो. तो वाढविण्यासाठी त्या काळी काचेच्या निर्वात नळ्या वापरीत. त्या तापत, वीज पुष्कळ खात आणि शेवटी दिव्याप्रमाणे जळून जात. त्यांच्या जागी दुसरे काही हवे होते.

बार्डीन यांचे वरिष्ठ विल्यम शॉक्ली यांनी एक युक्ती योजली होती. पाटाचे पाणी जसे एका फळीने अडविता किंवा सोडता येते, तसा अर्धवाहक पदार्थातील वीजप्रवाह, त्याला स्पर्शही न करता, जवळ ठेवलेल्या भारित पट्टीने कमीजास्त करावयाचा. विचार सुरेख होता, पण प्रयोगात काहीच घडेना! अशा वेळी पुष्कळजण दुसरे यंत्र बनवायला घेतात. बार्डीन कागद-पेन्सिल घेऊन बसले. १९४६ साली त्यांनी कारण शोधून काढले. पदार्थाच्या पृष्ठभागावरच काही इलेक्ट्रॉन अडकून पडतात आणि त्यांचा जणू पडदा होतो. पट्टीचा प्रभाव आत पोहोचतच नाही.

आता रोख पृष्ठभागाकडे वळला. बार्डीन यांची बुद्धी आणि सहकारी वॉल्टर ब्रॅटन यांचे कुशल हात यांची जोडी जमली. ब्रॅटन यांनी प्लास्टिकच्या त्रिकोणी तुकड्याच्या कडांवर सोन्याचा वर्ख चिकटवून टोकाशी पात्याने बारीक चीर पाडली. अशी दोन टोके झाली. त्यांत अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. १६ डिसेंबर १९४७ रोजी ती टोके जर्मेनियमवर दाबताच एका टोकाचा प्रवाह दुसऱ्या टोकाच्या प्रवाहाला ताब्यात ठेवू लागला. हा पहिला ट्रान्झिस्टर, बिंदुस्पर्श जातीचा. तो होता मात्र नाजूक. टोके किंचित सरकली, की सारे बिघडे.

या शोधात आपला हात नाही, हे शॉक्ली यांच्या मनाला फार लागले. त्यांनी एकट्यानेच काम करून जानेवारी १९४८ मध्ये संधी ट्रान्झिस्टरची कल्पना मांडली. यात टोके नाहीत. एकाच स्फटिकाचे तीन थर असतात. ज्यात इलेक्ट्रॉन अधिक तो एन थर, ज्यात ते उणे तो पी थर. दोन एन थरांमध्ये पातळ पी थर असेल तर एन-पी-एन. उलट असेल तर पी-एन-पी. पहिल्यात मुख्य काम इलेक्ट्रॉन करतात, दुसऱ्यात इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा. म्हणून बॅटरीची टोकेही उलट जोडावी लागतात. दोहोंतही मधल्या थराला दिलेला अल्प प्रवाह मोठ्या प्रवाहावर हुकमत चालवितो.

शॉक्ली यांनी या नव्या कामात बार्डीन यांना वाव दिला नाही. १९५१ साली बार्डीन प्रयोगशाळा सोडून इलिनॉय विद्यापीठात गेले.

पहिली, फसलेली युक्ती मात्र मेली नव्हती. बेल प्रयोगशाळेतच मोहम्मद अटाला आणि डॉन कांग यांनी १९५९-६० च्या सुमारास सिलिकनवर ऑक्साइडचा पातळ थर चढविला. पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉनांचा उपद्रव शमला आणि बाहेरचा प्रभाव आत पोहोचला! हा क्षेत्र-परिणाम ट्रान्झिस्टर. संधी ट्रान्झिस्टरला चालविण्यास थोडा तरी प्रवाह द्यावा लागतो. याला केवळ विद्युत्दाब पुरतो. आजच्या संगणकांत आणि मोबाइल फोनमध्ये कोट्यवधींच्या संख्येने असतात ते याच जातीचे.

ट्रान्झिस्टरबद्दल १९५६ साली तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. बार्डीन यांनी तीन मुलांपैकी एकालाच समारंभास नेले होते. स्वीडनच्या राजाने त्याबद्दल त्यांना प्रेमाने दटावले, तेव्हा पुढच्या खेपेस तिघांनाही आणीन, असे त्यांनी सांगितले. पुढची खेप खरोखरच आली! अतिशीत धातूंतून वीज विनाअडथळा का वाहते, याची उपपत्ती त्यांनी दोन तरुण सहकाऱ्यांसह १९५७ साली मांडली होती. तिच्यासाठी १९७२ साली त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पुन्हा मिळाले. या वेळी तिन्ही मुले बरोबर होती.

३० जानेवारी १९९१ रोजी बोस्टन येथे त्यांचे निधन झाले.