लोकमताचा कौल शिरोधार्य मानणारा नेता : भाऊसाहेब बांदोडकर

आमच्या नंदिगड्ड्याचा मुलूख गोव्याच्या सीमेजवळचा. येथे कोकणी, मराठी आणि कन्नड या तिन्ही भाषा कानांवर पडतात. १९५६ सालापर्यंत आमचा जिल्हा मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात आला आणि पुढे त्या राज्याचेच नाव कर्नाटक झाले. माणसे जागच्या जागीच राहिली, सीमा मात्र सरकली. म्हणूनच भाषा आणि प्रांत यांचा वाद शेजारच्या गोव्याने कसा सोडविला, हे जाणून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. त्या इतिहासात दयानंद बाळकृष्ण बांदोडकर ऊर्फ भाऊसाहेब यांचे नाव अग्रभागी आहे.

भाऊसाहेबांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे झाला. त्या काळी गोव्यावर पोर्तुगिजांची सत्ता होती. भाऊसाहेबांनी खाणउद्योगात स्वकष्टाने संपत्ती मिळविली आणि गोरगरिबांस मुक्तहस्ताने साहाय्य केले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि लगेच प्रश्न उभा राहिला : गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की स्वतंत्र राहावे ?

विलीनीकरणासाठी भाऊसाहेबांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष उभा राहिला. स्वतंत्र अस्तित्वासाठी डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष उभा ठाकला. एका बाजूस मुख्यत्वे हिंदू बहुजन समाज, तर दुसऱ्या बाजूस मुख्यत्वे ख्रिस्ती समाज, अशी ढोबळ विभागणी झाली. तथापि विलीनीकरणास विरोध करणारे हिंदूही थोडे नव्हते. भाषेच्या वादाला धर्माची धार चढू लागली. अशा वेळी एक ठिणगीही पुरेशी असते.

डिसेंबर १९६३ च्या निवडणुकीत भाऊसाहेबांचा पक्ष विजयी झाला व ते गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. बहुमत हाती होते; विधानसभेने विलीनीकरणाचा ठरावही संमत केला. परंतु एवढा मोठा निर्णय आमदारांच्या मतांवर न ठरविता प्रत्यक्ष जनतेला विचारून ठरवावा, असा विरोधकांचा आग्रह होता. अखेर संसदेने १९६६ साली जनमत कौलाचा कायदा केला. भाऊसाहेब सत्तेवर असताना मतदान निःपक्षपाती होणार नाही, अशी शंका विरोधकांनी घेतली. तेव्हा डिसेंबर १९६६ मध्ये त्यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. ज्या पदाच्या बळावर आपली बाजू पुढे रेटता आली असती, ते पदच त्यांनी सोडले.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणाची निशाणी फूल, तर वेगळे राहण्याची निशाणी दोन पाने. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. ३४,०२१ मतांनी भाऊसाहेबांचे स्वप्न भंगले.

खरी कसोटी येथेच होती. ज्या ध्येयासाठी पक्ष काढला, तेच जनतेने नाकारले होते. रागाच्या भरात अनुयायांना रस्त्यावर उतरविणे अशक्य नव्हते. भाऊसाहेबांनी तो मार्ग धरला नाही. ते पुन्हा निवडणुकीस सामोरे गेले. मार्च १९६७ मध्ये त्याच गोमंतकीय जनतेने त्यांच्या पक्षाला बहुमत दिले आणि एप्रिलमध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. जनतेने त्यांचे मत नाकारले, पण त्यांना नाकारले नाही. ज्या वेगळ्या गोव्याला त्यांचा विरोध होता, त्याच गोव्याचा कारभार त्यांनी मनःपूर्वक केला. खेडोपाडी प्राथमिक शाळा निघाल्या व शेतकऱ्याच्या मुलाच्या हाती पाटी आली. कुळांच्या संरक्षणाचा कायदा तर त्यांच्या सरकारने १९६४ सालीच केला होता. १२ ऑगस्ट १९७३ रोजी, मुख्यमंत्रिपदावर असतानाच, त्यांचे निधन झाले.

जनमत कौलाने सारे वाद मिटले, असे मात्र नाही. भाषेचा प्रश्न १९८६ साली पुन्हा पेटला व त्यात रक्तही सांडले. १९८७ साली कायद्याने कोकणीस राजभाषेचे स्थान दिले, मराठीच्या शासकीय वापरासही वाव ठेवला. आणि ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाला.

या चरित्रातून आम्ही विद्यार्थ्यांनी काय घ्यावे ? आपले मत आग्रहाने मांडावे, त्यासाठी झटावे. परंतु सर्वांनी मान्य केलेल्या रीतीने निर्णय लागला की तो आपल्याविरुद्ध गेला तरी मानावा. वर्गातील निवडणूक असो वा गावची पंचायत, हरणाऱ्याच्या मनाच्या मोठेपणावरच तिची शान टिकते. तीन भाषांच्या सीमेवर वाढणाऱ्या आम्हां मुलांना हा धडा विसरून चालणार नाही.