रोझलिंड फ्रँकलिन : एक व्रतस्थ विदुषी

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे मंडळाने सुचविले, तेव्हा मी रोझलिंड फ्रँकलिन यांची निवड केली. त्यांना न मिळालेल्या मानाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला सांगावयाचे आहे ते मुख्यतः त्यांच्या कामाविषयी.

रोझलिंडबाईंचा जन्म २५ जुलै १९२० रोजी लंडनमधील एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. केंब्रिजच्या न्यूनॅम कॉलेजात त्यांनी रसायनशास्त्राचा अभ्यास केला. त्या विद्यापीठात १९४८ सालापर्यंत स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पदवी मिळत नसे! युद्धकाळात त्यांनी दगडी कोळशावर संशोधन केले. पुढे १९४७ पासून पॅरिसमध्ये राहून क्ष-किरणांच्या साहाय्याने पदार्थांची अंतर्रचना ओळखण्याची विद्या त्यांनी हस्तगत केली.

जानेवारी १९५१ मध्ये त्या लंडनच्या किंग्ज कॉलेजात आल्या व डीएनएचे काम त्यांच्याकडे आले. आईबापांचे गुण मुलांत उतरतात ते या द्रव्यामुळे. त्याचा शेवयीसारखा ओढून काढलेला बारीक धागा क्ष-किरणांसमोर धरून छायाचित्र घ्यावयाचे. परंतु पूर्वीच्या संशोधकांची चित्रे धूसर येत. त्याचे कारण होते ओलावा. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते, पापड सादळतात, हे आपण जाणतोच. प्रयोगातील डीएनए हा सोडियमचा क्षार. तोही हवेतील पाणी शोषून घेतो आणि त्याचा धागा लांबतो.

या ओलाव्याला आवर घालण्यासाठी बाईंनी क्षारांचाच उपयोग केला. क्षाराच्या संपृक्त द्रावणावरील हवेत दमटपणा ठरावीकच राहतो. क्षार बदलला की तोही बदलतो. अशा द्रावणांतून नेलेला हायड्रोजन वायू त्यांनी कॅमेऱ्यात सोडला. दमटपणा शेकडा ७५ च्या सुमारास असता रेणू आखूड व स्फटिकासारखा नीटस राही. शेकडा ९० च्या वर गेला की तोच लांब होई. या दोन रूपांना ‘ए’ आणि ‘बी’ अशी नावे मिळाली. जुन्या चित्रांत या दोहोंची सरमिसळ झाली होती! पाणी इतक्या सहज आतबाहेर करते, त्याअर्थी रेणूतील फॉस्फेटचे गट बाहेरच्या अंगास असले पाहिजेत, हेही बाईंनी ताडले.

मे १९५२ मध्ये, विद्यार्थी रेमंड गॉसलिंग यांच्यासह, ‘बी’ रूपाचे ५१ क्रमांकाचे सुप्रसिद्ध छायाचित्र निघाले. त्यातील फुलीची आकृती मळसूत्री रचनेची खूण होती. जानेवारी १९५३ मध्ये सहकारी मॉरिस विल्किन्स यांनी ते बाईंच्या नकळत जेम्स वॉटसन यांना दाखविले. वॉटसन व क्रिक यांनी दुपेडी रचना मांडली. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये त्यांच्या लेखासोबत बाईंचाही लेख छापून आला; पण तो केवळ पुष्टीदाखल आहे, असेच वाचकांना वाटले.

तोवर बाई बर्कबेक कॉलेजात तंबाखूच्या रोपांना ग्रासणाऱ्या विषाणूच्या अभ्यासाला लागल्या होत्या. १९५६ मध्ये कर्करोगाने गाठले, तरी त्यांनी काम सोडले नाही. १६ एप्रिल १९५८ रोजी, अवघ्या ३७ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. १९६२ चे नोबेल पारितोषिक वॉटसन, क्रिक व विल्किन्स यांना मिळाले. ते मरणोत्तर दिले जात नाही.

भगिनींनो, हवेतील ओलावा ही गोष्ट क्षुल्लक खरी. परंतु तिच्याकडे काटेकोरपणे पाहिल्यावाचून त्या रेणूचे खरे रूप दिसले नसते. आपल्या लेकीसुनांना रोझलिंडबाईंची हकीगत सांगताना अन्यायाबरोबर त्यांची ही चिकाटीही अवश्य सांगावी, असे मला वाटते.