विश्लेषण : मेंदूतील पेशी एकमेकींपासून सुट्या असतात, हे काहाल यांनी कसे ओळखले?

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात चेतापेशीची आकृती असते. एका बाजूला फांद्यांसारख्या वृक्षिका, दुसऱ्या बाजूला लांब अक्षतंतू. आज सहज गिरवल्या जाणाऱ्या या आकृतीवरून सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातील शास्त्रज्ञांत दोन तट पडले होते. १९०६ चे वैद्यकाचे नोबेलही दोन्ही तटांच्या म्होरक्यांना विभागून देण्यात आले. त्यांपैकी एक होते स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल.

वाद नेमका कशाचा?

शरीर पेशींचे बनलेले असते, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मान्य झाले होते. मेंदू मात्र अपवाद मानला जाई. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा काप म्हणजे तंतूंचा नुसता गुंता. एकाचे टोक कुठे संपते आणि दुसऱ्याचे कुठे सुरू होते, हे दिसतच नसे. त्यामुळे मेंदू हे एक अखंड जाळे आहे, असे बहुतेकांचे मत होते. इटलीचे कामिल्लो गोल्जी (पेशीतील गॉल्जी संकुलाला ज्यांचे नाव आहे तेच) त्याचे खंदे समर्थक. अखंड जाळे असेल, तर संदेश कुठूनही कुठेही पसरू शकतो. मग विशिष्ट कामाचा विशिष्ट मार्ग शोधण्यात फारसा अर्थ उरत नाही. पेशी सुट्या असतील, तर मात्र मार्ग ठरलेले असणार आणि ते शोधताही येणार.

काहाल या वाटेला कसे लागले?

त्यांचा जन्म १८५२ चा. मुलाला चित्रकार व्हायचे होते, तर शल्यचिकित्सक वडिलांना तो डॉक्टर व्हायला हवा होता. मुलगा इतका व्रात्य, की वडिलांनी त्याला काही काळ न्हाव्याकडे आणि चांभाराकडे उमेदवारीला ठेवले. पुढे ते त्याला कबरस्तानात हाडे शोधायला घेऊन गेले आणि चित्रांसाठी म्हणून हाडे न्याहाळता न्याहाळता त्याला शरीररचनेची गोडी लागली. ही युक्ती वडिलांच्या अपेक्षेपेक्षाही जास्त फळली म्हणायची.

वैद्यकीय शिक्षणानंतर लष्करी डॉक्टर म्हणून ते क्युबात गेले. तिथे मलेरियाने त्यांना पार खंगवले. परतल्यावर साठलेल्या पगारातून त्यांनी पहिला सूक्ष्मदर्शक विकत घेतला. १८८५ मध्ये कॉलराच्या साथीतील कामाबद्दल सारागोसाच्या प्रांतिक प्रशासनाने त्यांना झाइस कंपनीचा उत्तम सूक्ष्मदर्शक भेट दिला.

कलाटणी कशाने मिळाली?

१८८७ मध्ये माद्रिदला लुईस सिमारो या डॉक्टरांच्या घरी त्यांनी एक काप पाहिला. तो गोल्जी यांच्याच पद्धतीने रंगवलेला होता. या पद्धतीत ऊती पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये कडक करून सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवतात. मोजक्याच पेशी काळ्या होतात, पण त्या थेट शेवटच्या फांदीपर्यंत. सगळ्याच रंगल्या असत्या, तर नुसता काळा डाग दिसला असता! गोल्जींनी ही पद्धत १८७३ मध्येच जाहीर केली होती. पण ती लहरी, कधी साधे तर कधी फसे. म्हणून फारसे कोणी तिच्या वाटेला जात नसे.

काहाल यांनी दोन बदल केले. रंगवण्याची प्रक्रिया पुन्हा पुन्हा केली आणि पूर्ण वाढलेल्या मेंदूऐवजी पक्ष्यांचे गर्भ व नवजात पिल्ले घेतली. कोवळ्या मेंदूत अक्षतंतूंवर मेदयुक्त आवरण चढलेले नसते. ते असले, की चांदी आत नीट पोहोचत नाही. १८८८ मध्ये पक्ष्यांच्या अनुमस्तिष्कात त्यांना दिसले, की तंतू दुसऱ्या पेशीला अगदी बिलगतात, पण तिच्यात मिसळत नाहीत. त्यांची टोके मोकळी असतात. गंमत म्हणजे, गोल्जींचे मत खोडले गेले ते त्यांच्याच पद्धतीने.

जगाने ते मान्य कसे केले?

स्पॅनिशमधील संशोधन वाचणार कोण? काहाल यांनी पदरमोड करून स्वतःचे नियतकालिक काढले. पहिल्या अंकाच्या प्रती अवघ्या ६०. त्या परदेशी तज्ज्ञांना पाठवूनही फारसे काही घडले नाही. अखेर १८८९ मध्ये काप बरोबर घेऊन ते स्वखर्चाने बर्लिनच्या अधिवेशनाला गेले. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये एकेकाला बोलावून ते काप दाखवू लागले. त्या काळचे दिग्गज आल्बर्ट फॉन कोलिकर यांनी ते पाहिले आणि जाळ्याची बाजू सोडली. दोनच वर्षांत जर्मनीच्या विल्हेल्म वाल्डेयर यांनी या पेशीला ‘न्यूरॉन’ हे नाव दिले. संदेश वृक्षिकांकडून अक्षतंतूकडे, अशा एकाच दिशेने जातो, हे अनुमान काहाल यांनी निव्वळ रचनेवरून काढले. संदेशवहन त्यांना प्रत्यक्ष मोजता येत नव्हते, हे लक्षात घेतले तर हे काम जास्तच मोठे वाटते.

नोबेलनंतर वाद मिटला का?

नाही. स्टॉकहोममध्ये गोल्जींनी आपले नोबेल व्याख्यान काहाल यांचा सिद्धांत खोडण्यासाठीच वापरले. दुसऱ्या दिवशी काहाल यांनी त्याच व्यासपीठावरून आपले पुरावे मांडले. गोल्जी १९२६ मध्ये गेले, पण जाळ्याची कल्पना गेली नाही. ऐंशी ओलांडलेल्या काहाल यांना १९३३ मध्ये पुन्हा तिच्याविरुद्ध लिहावे लागले. पुढच्याच वर्षी माद्रिदमध्ये त्यांचे निधन झाले. दोन पेशींमधील फट सुमारे २० नॅनोमीटरची, म्हणजे त्यांच्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेरची होती. ती १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवली. पुढे मेंदूत काही ठिकाणी पेशी अतिसूक्ष्म नलिकांनी एकमेकींना थेट जोडलेल्याही आढळल्या. पण तिथेही प्रत्येक पेशीचे आवरण वेगळेच असते.