विश्वेश्वरय्या आणि भटकळचे बंदर

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. तरी प्रकाशे गावाजवळून वाहणारी तापी येथील पाणी सुरतेपलीकडे अरबी समुद्रास नेऊन मिळवते. या तापीला मिळणाऱ्या पांझरा नदीवर ज्यांनी तरुणपणी काम केले आणि पुढे समुद्रकाठी बंदर बांधण्याचा ध्यास घेतला, ते थोर स्थापत्यविशारद म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात त्यांचा जन्म झाला. लहानपणीच वडील वारले. शिकवण्या करून त्यांनी बंगलोरचे शिक्षण पुरे केले. 1883 साली पुण्यास स्थापत्याच्या परीक्षेत ते पहिले आले व 1884 साली मुंबई सरकारच्या सेवेत शिरले. त्या काळी नंदुरबार, धुळे व जळगाव मिळून खानदेश हा एकच जिल्हा होता. तेथे पांझरेच्या एका प्रवाहातून नळावाटे पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसाळ्यात पुराने व वाळूने ते अडले. पाऊस सरेपर्यंत थांबावे असे त्यांना वाटले. परंतु वरिष्ठांना ते रुचले नाही. तेव्हा नेटाने खटपट करून त्यांनी काम तडीस नेले.

1912 साली ते म्हैसूरचे दिवाण झाले. संस्थानात कॉफी आणि चंदन विपुल. पण स्वतःचे बंदर एकही नव्हते. म्हणून भटकळ येथे बंदर उभारावे आणि लोहमार्गाने ते म्हैसूरशी जोडावे, असा त्यांनी प्रस्ताव मांडला.

पश्चिम किनारा पावसाळ्यात फार धोक्याचा असतो. नैर्ऋत्येचा वारा थेट किनाऱ्यावर येतो आणि उघड्यावर नांगरलेली जहाजे खडकावर आदळण्याचे भय असते. अशा जागी समुद्रात दगडांचा भक्कम बांध घालतात. लाटा बांधावर फुटतात, आतील पाणी शांत राहते आणि वादळात सापडलेल्या गलबतांना आसरा मिळतो.

पांझरेवरची अडचण निसर्गाची होती. ती परिश्रमाने सुटली. येथील अडचण सत्तेची होती. भटकळ इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होते. सरकारच्या संमतीवाचून तेथे म्हैसूरला एक धोंडाही टाकता येत नव्हता. 1918 साली विश्वेश्वरय्यांनी दिवाणपद सोडले, तेव्हा प्रस्ताव कागदावरच राहिला होता.

1955 साली ते भारतरत्न झाले आणि शंभरी ओलांडून 1962 साली निधन पावले. पुढे त्याच किनाऱ्यावर, भटकळच्या दक्षिणेस मंगळूर येथे, बांधांच्या आश्रयाने नवे बंदर उभे राहिले. 1974 साली त्याची देशाच्या मोठ्या बंदरांत गणना झाली. ते पाहण्यास विश्वेश्वरय्या नव्हते. परंतु त्या किनाऱ्याची गरज त्यांनी कितीतरी आधी ओळखली होती.