डॉ. आनंदीबाई जोशी यांचा अर्ज

मुलामुलींच्या शिक्षणाकरिता मदतीचा अर्ज लिहिताना आपल्या नगर जिल्ह्यातील पुष्कळ आईबापांची मान लाजेने खाली जाते. अशांनी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र ध्यानात आणावे.

आनंदीबाईंचा जन्म ता. ३१ मार्च १८६५ रोजी झाला. नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्यांचे तान्हे बाळ दहाच दिवसांत दगावले, आणि आपण वैद्यकी शिकावी असे त्यांच्या मनाने घेतले.

१८७८ साली गोपाळरावांनी कोल्हापुराहून पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांकडे साहाय्य मागितले होते. ते पत्र रे. वाइल्डर यांच्यापर्यंत गेले. हे गृहस्थ १८४६ साली हिंदुस्थानात आले, ते प्रथम आपल्या नगरासच. कोल्हापुरास ते मागाहून गेले. त्यांनी जोशी दांपत्यास ख्रिस्ती होण्याचे सुचविले. ते त्यांस मान्य झाले नाही, व मदत मिळाली नाही. मात्र वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर बाई दंतवैद्याकडे बसल्या असता तो त्यांच्या वाचनात आला. त्यांनी धर्मांतराची अट न घालता आपले घर देऊ केले.

१८८३ साली आनंदीबाईंनी श्रीरामपूर येथे, बंगाल्यात, भर सभेत आपला हेतू सांगितला. तेव्हा देणग्या येऊ लागल्या. व्हाइसरॉयांनी २०० रुपये दिले. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी रोझेलहून फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजास अर्ज लिहिला. आपले वय अठरा असून आपली तयारी नियमास पुरत नाही, हे त्यांनी झाकून ठेविले नाही. पुरुष वैद्याकडे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठी हे शिक्षण हवे, असे त्यांनी स्पष्ट कळविले. कॉलेजाने त्यांस प्रवेश व विद्यावेतनही दिले. ता. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. परंतु क्षयाने ग्रासल्यामुळे ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्षही पुरे होण्यापूर्वी, पुण्यास त्यांचा अंत झाला.

मग ते सारे साहाय्य फुकट गेले काय? कार्पेंटर बाईंनी तसा हिशेब मांडला नाही. त्यांनी आनंदीबाईंची रक्षा आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेविली.

बंधुभगिनींनो, अर्ज म्हणजे भीक नव्हे. आपली गरज, आपली उणीव आणि आपला हेतू खरेपणाने लिहावा. एका दाराने नाही म्हटले तरी दुसरे ठोठावावे. आणि ज्यांच्या हाती देणे आहे, त्यांनी देताना सौदा करू नये.