एका हाताचा पशुवैद्य

अर्नोल्ड टायलर यांचा जन्म १८६७ चा, स्वित्झर्लंडमधला. पशुवैद्य होऊन १८९१ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत गेले. तिथं शेतावर काम करताना कडबाकुट्टीत त्यांचा हात गेला. पण माणूस खचला नाही. राहिलेल्या एका हातानिशी त्यांनी जनावरांच्या रोगांचा पिच्छा पुरवला. १९०८ मध्ये प्रिटोरियाजवळ ओंडरस्टेपूर्ट इथं संशोधन संस्था उभी केली.

त्या भागात परदेशी मेरिनो मेंढ्या पावसाळ्यात पटापट मरत. ताप येई, ओठ सुजत, लाळ गळे, जीभ निळी पडे. टायलर यांनी आजारी मेंढीचं रक्त अगदी बारीक गाळणीतून काढून निरोगी मेंढीला टोचलं. जिवाणू गाळणीत अडकले, तरी रोग झालाच! म्हणजे कारण जिवाणूहून लहान, विषाणूचं. मग त्यांनी लस काढली. ती चाळीसेक वर्षं चालली, पण पुरी पडली नाही. कारण या विषाणूचे प्रकार अनेक.

टायलर १९३६ मध्ये वारले. क्युलिकॉइडीस जातीची बारीक चिलटं हा रोग पसरवतात, हे त्यांच्याच संस्थेत १९४४ मध्ये सिद्ध झालं.

हा नीलजिव्हा रोग आपल्या महाराष्ट्रातल्या मेंढ्यांतही येतो. मेंढी लंगडते, लाळ गाळते, म्हणून लाळ्या-खुरकुत समजून फसगत होते. तेव्हा मेंढपाळ बांधवांनो, तर्क करत बसू नका. दवाखान्यात कळवा, रक्ताचा नमुना तपासून घ्या. सरपंच-ग्रामसेवकांनीही खबर लगेच पुढं धाडावी. कळप दिवस मावळायच्या आत पाणथळीतून हलवावा.